पाव्हण्याची सावली आणि ज्ञानोबाचा धूर

२९ मार्च, रविवार

लिहितेय सुनंदा, सांगतेय मी. सासूसुनेचं आधीच ठरलंय. मी "न्हाई" म्हटलं तरी ती "नाही" लिहिणार, शाळेत गेलेली आहे ती. चालेल. अक्षर तिचं, डोकं माझं. पण दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं धुऊन वाळत घालायचं नाही. आहे तसं लिहायचं.

शीतल आली भोरहून, पहिल्या एस.टी.ने. तिकडे कॉलेजच्या पोरांना फिजिक्स शिकवते, पोरं मॅडम म्हणतात. इथं आली की मॅडम चुलीपुढं बसून दुधात भाकरी कुस्करून खाते. नात माझी, लेक सुनंदाची. खाणं माझ्यावर गेलंय, गप्प बसणं आईवर.

आज गप्प नव्हती. २१ एप्रिलला, मंगळवारी, दिवेलागणीनंतर एक लांबचा बर्फाळ दगड एका ताऱ्यापुढून जाणार आहे म्हणे. तेवढा वेळ तारा झाकणार. दगड किती लांब, तर नेपच्यून म्हणून शेवटचा ग्रह आहे त्याच्याही पलीकडं. मी विचारलं, म्हणजे पानशेतच्या पुढं का? तिनं कपाळाला हात लावला. मला कळलं होतं. पण पोरगी शिकवायला लागली की तिचा रंग खुलतो, म्हणून विचारायचं.

सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला आपल्या कितीतरी पिढ्या लागतात. म्हणजे मागच्या वेळी इथनं गेला तेव्हा ही वाडी होती की नाही कोण जाणे. आता आलाय, आणि तोंड न दाखवता जाणार. मी त्याचं नाव पाव्हणा ठेवलं.

४ एप्रिल, शनिवार

(शीतलचं नाव सारखं लिहून सुनंदाचा हात दुखतो. इथून पुढं श.)

श. परत आली. काल रात्री मला झोप नव्हती, विचार करत होते. दगड दिसत नाही, मग बघायचं काय? आज विचारलं. ती म्हणाली, सावली. ताऱ्याच्या उजेडात त्या दगडाची सावली पडते, ती पृथ्वीवरून पळत जाते. सावलीत जो उभा असेल त्याचा तारा विझतो. कोणाचा किती वेळ विझला ते सगळ्यांनी एकत्र मांडलं की दगडाचा आकार निघतो.

मी म्हटलं, म्हणजे शेवटची एस.टी. घाटाच्या वळणावर येते तेव्हासारखं. आपल्या अंगणातून तिचे दिवे जांभळीच्या झाडाआड जातात. माझ्या दिराच्या, ज्ञानोबाच्या, अंगणातून जात नाहीत. दोन्ही अंगणांतनं बघितलं की झाड केवढं ते एस.टी.च्या दिव्यांनीच सांगितलं.

श. बघतच राहिली. मग म्हणाली, "आजे, हे मी वर्गात सांगणार."

सांग. फी नको.

५ एप्रिल, रविवार

आज खरी गोष्ट बाहेर आली. श. आभाळ बघणाऱ्या लोकांच्या एका मंडळात आहे. पुण्याचे एक सर ते चालवतात. दक्षिणेला भोरपासून खाली माणसं ठरलेली आहेत, सगळ्यांकडे दुर्बिणी. उत्तरेच्या टोकाला कोणी नाही. सावलीची कड आपल्या डोंगरांच्या आसपास कुठंतरी पडणार, नक्की कुठं ते कुणालाच माहीत नाही. सरांना पानशेतला कुणाच्या तरी बंगल्याच्या गच्चीवर दुर्बीण लावायची होती. श. म्हणाली, तिथं शनिवार-रविवारची माणसं, दिवेच दिवे. माझ्या गावी लावा. तिथलं आभाळ काळंकुट्ट असतं.

सर म्हणाले, तुझ्या जबाबदारीवर. कॅमेरा एकच आहे. तुझ्याकडून काही आलं नाही, तर दगडाची ती कड आपल्याला कळणार नाही, आणि हा पुन्हा असा कधी सापडेल ते सांगता येत नाही.

मागच्या खेपेला एका दुसऱ्या दगडासाठी ती साताऱ्याकडं गेली होती, तर ढग आले. हात हलवत परत. तेव्हापासून मंडळात तिची बाजू जरा पडती आहे. हे तिनं सांगितलं नाही. भांडी घासता घासता सुनंदाला कळलं, सुनंदाकडून मला.

एक मात्र मला आवडलं. आपल्याकडं तारा विझला तरी उत्तर, नाही विझला तरी उत्तर. स्थळाकडनं होकार आला तरी निरोप असतो आणि नकार आला तरी निरोप असतो. वाट बघायला लावून निरोपच न धाडणारी माणसं वाईट. आपण निरोप धाडायचा. त्यासाठी आभाळ तेवढं दिसायला हवं.

मी म्हटलं, "आभाळ माझ्याकडं लागलं. साफ मिळंल. माझा शब्द."

(सु. – मी तेव्हाच म्हणाले होते, आई, आभाळाचा शब्द देऊ नये.)

लिहिलंस? बरं झालं. आता भाकऱ्या बघ.

१० एप्रिल, शुक्रवार

वेल्ह्याला बाजाराला गेले. गुडघा बरा. येताना एस.टी.च्या खिडकीतून बघत होते आणि एकदम डोक्यात आलं. राब.

सगळ्यांच्या वावरात राब रचून तयार आहेत. शेण, वर तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत, त्यावर माती. भाताची रोपं जिथं करायची तिथली जमीन अशी भाजून घ्यायची. आणि राब पेटवायचा तो संध्याकाळी, वारा पडल्यावर, म्हणजे आग इकडं-तिकडं पळत नाही. ऐन दिवेलागणीला. एकवीस तारखेला एकानं जरी पेटवला, तरी या खोऱ्यातनं चंद्र दिसणार नाही, तारा कुठला.

श.ला फोन केला नाही. उगीच पोरीच्या जिवाला घोर. हे काम माझं.

१२ एप्रिल, रविवार

घरोघर फिरले. काठी घेतली, ती टेकायला कमी आणि दारं वाजवायला जास्त. एस.टी.चे दिवे आणि जांभळीचं झाड सगळ्यांना सांगितलं. आता मला ते पाठ झालंय, शिरवळपर्यंत जाऊन शिकवीन.

एवढंच मागितलं की मंगळवारी, एकवीसला, संध्याकाळी कुणी राब पेटवायचा नाही. एक दिवस.

सगळ्यात शेवटी ज्ञानोबाकडं. माझा चुलत दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता, आता त्याला नातवंडं आहेत, तरी माझ्याशी बोलताना एक डोळा बारीक करतो. त्याचं वावर सगळ्यांत वर, पठाराच्या कडेला. म्हणाला, "वैनी, तुमचा दगूड एवढ्या लांबनं येतोय आन् त्याला माझ्या राबाचं भ्या?"

मी म्हटलं, दगडाला नाही रे, मला आहे. तुझा राब दर वर्षी धूरच जास्त देतो, भाजतो कमी.

हे त्याला लागलं. पण कबूल झाला. सगळेच झाले. कुणी वाकडा शब्द काढला नाही. म्हणाले, मंगळवारी काडी ओढणार नाही, त्याच्या आत उरकून घेतो.

उरका म्हटलं. मीच म्हटलं.

१५ एप्रिल, बुधवार

श.चा फोन. राबाचं सांगितलं, बंदोबस्त केला ते सांगितलं. हसायला लागली. "आजे, तुला मंडळात घेते." मी म्हटलं, मंडळात चहा असतो का ते बघ आधी.

तिनं सरांनाही सांगितलं म्हणे, गावानं एक दिवस धूर बंद केलाय. सर खूश.

आज फार बरं वाटतंय. जेवण दोन घास जास्त.

१९ एप्रिल, रविवार. आखिती (अक्षय्य तृतीया).

आमरस. पितरांना पान वाढलं. आंबे महाग, पण वर्षाचा सण.

कुणीच वावरात गेलं नाही. बसून गप्पा. ज्ञानोबा येऊन दोन वाट्या रस पिऊन गेला. जाताना म्हणाला, उद्या उरकतो बरं का वैनी. मी म्हटलं, शहाणा आहेस.

२० एप्रिल, सोमवार

दिवस मावळला आणि सगळं खोरं पेटलं. इकडं, तिकडं, ओढ्यापलीकडं, वर ज्ञानोबाचं. अंगणात बसून बघितलं. देखणं दिसतं. सगळ्यांनी शब्द पाळला, उद्याच्या आत उरकलं. मी सुनंदाला म्हटलं, बघ, माणसाला नीट सांगितलं की ऐकतात.

सुनंदा नुसती नाकाला पदर लावून बसली.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळ.

उठले तर तोरणा नाही.

गडच दिसेना. धूर बसलाय. दुधावर साय धरते तसा सगळ्या खोऱ्यावर. राबाच्या वर माती असते, खाली शेण असतं, ते एका रात्रीत विझतं होय? दोन-दोन दिवस धुमसतं. हे मला माहीत नाही? जन्म गेला राब भाजण्यात. मंगळवारी पेटवू नका म्हणून सांगितलं, आणि सोमवारी पेटवला तर मंगळवारी काय होईल याचा विचार केला नाही. वर शहाणे म्हणून पाठ थोपटली.

एकेकानं पेटवला असता तर एकेकाचाच धूर झाला असता. माझ्या सांगण्यानं अख्ख्या वाडीनं एका दिवशी पेटवला.

श. दुपारच्या आत येणार. टेम्पोतून दुर्बीण येणार. सुनंदा, दार लाव आणि सांग म्हातारी माहेरी गेली.

(सु. – हे सकाळी लिहिलं. पुढचं २२ ला.)

२२ एप्रिल, बुधवार

कालचं सगळं. हळूहळू लिही, मी काही सोडणार नाही.

श. आली, टेम्पोतून उतरली, आभाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजे, सगळ्यांनी तुझं ऐकलं ना गं?" आणि ओट्यावर बसली. दुर्बीण गोधडीत गुंडाळलेली, बाजूला. लहानपणी ताप आला की बसायची तशी बसलेली.

एवढ्यात वाडी जमली. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कुणी म्हणालं, पाणी मारू राबावर. मी म्हटलं, अजिबात नाही. पाणी मारलं की आणखी धूर, आणि तुमची तरव्याची, रोपांची जमीन वाया. पोरीचा तारा जाईल तो जाईल, तुमचा भात कशाला?

मग ज्ञानोबा बोलला. हे सुनंदा नीट लिही, नाहीतर तो म्हणेल वैनीनं गाळलं.

"धूर सांजच्याला खाली बसतो. वर पठारावर चला. तितं आभाळ मोकळं घावंल."

श. उठून उभी राहिली. पठारावर गेलो तर चालेल का, जागा बदलते ना? ती म्हणाली, चालेल, फक्त कुठं उभे होतो ते नक्की कळलं पाहिजे. पण तिथं गाडी जात नाही, आणि हे ओझं?

यावर चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि देवळामागनं डोली आणली. डोली म्हणजे बांबू आणि त्याला बांधलेली घोंगडी. वरच्या धनगरवाड्यावरनं आजारी माणूस खाली रस्त्याला आणायला वापरतात. वर न्यायला कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

दुर्बीण गोधडीसकट डोलीत. डोक्याकडची बाजू पुढं, पाय मागं. सवय.

मी म्हटलं, मी पण येणार. ज्ञानोबा म्हणाला, "वैनी, डोली येकच हाय." मी म्हटलं, मग दुर्बिणीला चालू द्या. कुणी ऐकलं नाही. मग काठी घेतली, सुनंदाला घेतलं आणि त्यांच्या आधी निघाले. निम्म्या चढाला डोलीनं आम्हाला मागं टाकलं. वरनं लाकडाच्या मोळ्या घेऊन दोघी बायका येत होत्या. त्या बाजूला झाल्या, पदर सावरला, हळू आवाजात विचारलं, कोण आजारी?

मी म्हटलं, एक तारा आहे, थोड्या वेळाकरता जाणार आहे. त्याला बघायला निघालोय. बिचाऱ्या हात जोडून उभ्या राहिल्या.

वर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. आणि खाली बघितलं तर खोऱ्यात धूर, सपाट, पांढरा, पानशेतच्या धरणाचं पाणी इथपर्यंत आल्यासारखा. आमची वाडी बुडालेली. वर तोरणा मोकळा. डोक्यावर आभाळ स्वच्छ. ज्ञानोबानं माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला. नंतर बोलायला आयुष्य पडलंय.

श.नं दुर्बीण उभी केली. तिच्या तीन आखूड पायांपाशी पोरांनी आतल्या बाजूनं तीन दगड ठेवले, जागा कळायला. श.नं सगळ्यांना सांगितलं, हे दगड हलवायचे नाहीत. सगळ्यांनी माना हलवल्या.

अंधार पडला. लॅपटॉपच्या पडद्यावर आभाळाचा एक तुकडा. ठिपके ठिपके. श.नं बोट ठेवून दाखवला तो आपला, मधला. खसखशीच्या दाण्याएवढा. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला खसखस पण दिसते आणि सुनंदाच्या भाजीतला खडा पण.

सगळे मागं उभे. कुणी बिडी पेटवली नाही. ज्ञानोबा लांब जाऊन बसला, त्याला खोकला येतो म्हणून.

श. म्हणाली, आता केव्हाही. मी त्या दाण्याला नजर लावली. तारा होता. होता. होता. मग बारीक झाला, आणि नाही.

कुणीतरी श्वास आत घेतला, तो बाहेरच सोडला नाही. मग तारा परत आला. आधी पुसट, मग होता तसा.

मी म्हटलं, गेला होता ना गं? ती म्हणाली, "गेला होता." आणि मला मिठी मारली, चांगली हाडं मोडेपर्यंत. वाडीनं टाळ्या वाजवल्या. तो दगड एवढ्या लांब, त्याला काय ऐकू जाणार, पण पाव्हण्याला पोचवायची रीत आहे.

येताना डोली रिकामी होती. श. कॅमेऱ्यापाशी थांबली, सुनंदा तिच्याजवळ थांबली. मला घातलं डोलीत. जाताना दुर्बीण, येताना मी. ज्ञानोबा पुढच्या टोकाला. म्हणाला, "दुर्बीन हलकी व्हती."

२३ एप्रिल, गुरुवार

काल इथं थांबले असते तर बरं होतं, पण आज लिहायचंच आहे.

काल संध्याकाळी श.नं सगळं परत बघितलं, पडद्यावर, सावकाश, पुढं-मागं करून. मग आईला हाक मारली, आईनं मला.

आपला तारा गेला तेव्हा शेजारचे ठिपके पण मंद झाले होते. गेले नाहीत. पण मंद झाले. पाव्हणा एका ताऱ्यापुढून जातो, सगळ्यांना झाकत नाही. सगळे एकदम मंद झाले म्हणजे मधे धूर आला. वरच्या वावरातनं एक झुळूक कडेवरून चढली असणार. वरचं वावर कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आपला तारा विझला तो कशानं? दगडानं विझला आणि योगायोगानं धूर पण आला? का नुसता दाट धूर? श. म्हणाली, सांगता येत नाही. शेजारचे किती मंद झाले ते मोजावं लागेल. मी म्हटलं, मी बघत होते की. ती म्हणाली, तू कुठला बघत होतीस? आपला. शेजारचे? शेजारच्यांकडं मी बघितलंच नाही. जन्मभर शेजाऱ्यांच्या घरात डोकावले आणि नेमकी तेव्हाच...

श. निरोप लिहायला बसली, सरांना. जागा लिहिली, वेळ लिहिली, तारा गेला ते लिहिलं. मग थांबली. आभाळ कसं होतं, ते लिहायचं होतं. बोट मोबाईलवर तसंच.

म्हणाली, "लिहिलं नाही तर कुणाला कळणार नाही गं. सगळ्यांना वाटतंय साफ होतं. तूच शब्द दिला होतास."

हो. शब्द माझा होता. साफ आभाळ. धूर लिहिला की माझा शब्द खोटा. नाही लिहिला तर खरा. आणि तिचा साताऱ्याचा डाग पण पुसला जाणार. सुनंदा भाकरी थापायची थांबली होती.

मी म्हटलं, "लिही. माझा शब्द गेला तर जाऊ दे, तुझा ठेव."

तिनं लिहिलं: मधे धूर आला होता, जवळच्या शेतातल्या राबाचा. मला वाचून दाखवलं. मग पाठवलं. सुनंदानं तव्यावरची भाकरी करपवली.

२६ एप्रिल, रविवार

ज्ञानोबाला कळलं. कुणी सांगितलं माहीत नाही. (सु. – मी नाही.)

सकाळी आला, उंबऱ्यात उभा, आत येईना. चेष्टा नाही, डोळा बारीक नाही. म्हणाला, "वैनी, माझ्या धुरानं झाकला व्हय तारा?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही. बस, चहा घे.

"न्हाई, पर माझाच आसंल तर?"

एवढा मोठा माणूस, आणि तोंड असं केलं की मला हसू पण येईना. मी म्हटलं, अरे, पेटवायची घाई मी लावली. तू मला दोन वाट्या रस पिऊन वचन दिलंस आणि पाळलंस. पाळलंस हाच घोळ झाला. आणि पठाराचं तू सुचवलंस. नाहीतर बसलो असतो खाली, खोकत.

चहा प्यायला. बशीत ओतून, फुंकर न मारता. म्हणजे अजून लागलेलं आहे.

३ मे, रविवार

श. आली. सरांचा फोन झाला होता. आधी म्हणाले, पानशेतलाच लावायला हवी होती. ते आता म्हणणारच. मग म्हणाले, धुराचं लिहिलंस म्हणून सगळं रेकॉर्डिंग मागवतोय, शेजारच्या ताऱ्यांसकट. न लिहिता मला नंतर सापडलं असतं तर तुझं सगळंच बाजूला टाकलं असतं.

दक्षिणेकडच्या लोकांचा तारा नीट विझला, सगळ्यांचा. भोरजवळचा सुद्धा. आता प्रश्न आमचाच. आमचं खरं निघालं तर पाव्हणा वाटला होता त्याहून अंगानं मोठा आहे. खोटं निघालं तर ज्ञानोबाचा धूर वाटला होता त्याहून दाट आहे.

हिशेब करणारी माणसं लांबची आहेत, परदेशातली पण आहेत. वेळ लागणार.

श. आता तितकी उदास नाही. एस.टी.चं उदाहरण वर्गात सांगितलं म्हणे. एक पोरगा म्हणाला, मॅडम, ती एस.टी. वेळेवर येते का? पोरं हुशार आहेत.

९ मे, शनिवार

उत्तर नाही.

ज्ञानोबा रोज येतो. रोज तेच. पण आज सूर बदललेला होता. डोळा बारीक करून म्हणाला, "वैनी, म्या इचार केला. नेपच्यूनच्या पल्याडचा दगूड जे काम करतो ते माझ्या राबानं केलं आसंल, तर ते बी काय कमी न्हाई."

गाडी रुळावर आली. मी म्हटलं, उत्तर येईपर्यंत तारा तुझ्याच धुरानं विझला असं मी धरून चालणार. तू पाव्हण्यासाठी प्रार्थना कर.

म्हणाला, करतोच आहे, रोज संध्याकाळी, वावरात जाऊन.

सुनंदा हसली. ती हसली की मी थांबते, म्हणजे तिला लिहिता येतं.

१७ मे, रविवार

राब गार झाले. राखेची जमीन काळी, मऊ, पायाला बरी लागते. धूळवाफेला, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरायची माणसं बी निवडायला बसलीत. ज्ञानोबाचं वावर सगळ्यांत चांगलं भाजलंय, हे मी त्याला सांगणार नाही. सुनंदा, तू पण नाही.

श.चा फोन दुपारी. उत्तर अजून नाही. पण तोच पाव्हणा काही वर्षांनी आणखी एका ताऱ्यापुढून जाणार आहे असं कुणीतरी काढलंय, आणि सावली परत इकडंच कुठंतरी पडेल. सर म्हणाले, ती जागा चांगली आहे, धुराचं बघा फक्त. तीन दगड आहेत ना गं जागेवर, तिनं विचारलं. मी म्हटलं, म्हणजे काय, कुणाची बिशाद आहे.

संध्याकाळी अंगणात बसले होते. तोरणा स्वच्छ. सहज पठाराकडं बघितलं, तर बरोबर तिथनं, त्याच जागेवरनं, एक बारीक धुराची रेघ वर चाललेली. ज्ञानोबाला हाक मारली, बघ म्हटलं. तो हात कपाळावर धरून बघत राहिला. मग म्हणाला, धनगरांची पोरं असतील, च्या करत्यात.

दगड हलवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी हलवले नाहीत. नीट जवळजवळ ठेवलेले तीन दगड, आयती चूल. पोरांनी भांडं ठेवलं असणार वर.

ज्ञानोबा म्हणाला, "सांगू का त्यास्नी जाऊन?"

मी म्हटलं, राहू दे. चहा होऊ दे त्यांचा. दिवस मावळल्यावर जाऊन विझव. आणि उद्या सांग, चूल एक पाऊल बाजूला मांडा. आपल्या पाव्हण्याला अजून यायचंय.